शिडाच्या होडीने मांडवा ते मालवण: वाटेत निवांत बेटं आहेत का?

वल्हवरे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वी मुंबईत शिडाची होडी चालवायला शिकलो. आधी दोन माणसांची छोटी, मग ओळखीतल्यांच्या मोठ्या बोटींवर बिनपगारी खलाशी. यंदा मी आणि एका मित्राने अर्धे-अर्धे पैसे घालून २४ फुटी जुनी फायबरची होडी घेतली. आत तीन माणसं दाटीवाटीने आडवी होतील एवढी केबिन, एक स्टोव्ह, मागे लावायचं छोटं इंजिन. कणा पाण्याखाली सव्वा मीटर जातो.

डिसेंबरात पंधरा दिवस सुट्टी आहे. मांडव्याहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण गाठायचं आणि परत यायचं असा बेत आहे. नकाशावर एका बाजूचे साधारण पावणेदोनशे सागरी मैल भरतात. सोबत बायको आणि चौदा वर्षांची मुलगी. परदेशी जोडप्यांचे व्हिडिओ बघून डोकं फिरलंय हे कबूल करतो: निर्मनुष्य बेट, नितळ पाणी, नांगर टाकला की आठवडाभर कोणी विचारायला येत नाही.

तर आपल्याकडे अशी बेटं कुठली? रात्री कुठे थांबता येईल? गोड्या पाण्याचं काय? आणि कोणाकोणाला सांगून निघावं लागतं?

पाचवा_मजला

खुर्ची टाकून बसलोय. शेंगदाणे कोणी आणतंय का?

थळकर

आमचं घर थळला, खांदेरी-उंदेरी दारातून दिसतात. सगळ्यात आधी एक सांगतो, मांडवा ते मुरूड रात्री जाऊ नका. या पट्ट्यात डोलीची जाळी असतात. समुद्रात खुंट ठोकून जाळं बांधलेलं असतं, वर फक्त बोये. त्यांवर दिवा असेलच असं नाही. जाळं पंख्यात गेलं तर इंजिन बंद आणि आमच्या माणसाचं हजारोंचं नुकसान. मग तुम्ही शहरातले आणि आम्ही कोळी असा तमाशा होतो, जो मी चार वेळा बघितलाय. दिवसा निघा, बोयांची रांग दिसली की तिच्या बाहेरून जा, जवळ होडी असेल तर हात करून विचारा. नाखवा दोन शिव्या देईल, पण वाट बरोबर दाखवेल.

खांदेरीला दिवसा उतरा. दीपगृह आहे, वेताळाचं देऊळ आहे. आमच्यात खांदेरीच्या वेताळाला सांगितल्याशिवाय काही होत नाही. आणि तिथला एक दगड वाजवून बघा, धातूसारखा आवाज येतो. मुलीला आवडेल.

इतिहासवेडा

धागालेखकाच्या मूळ प्रश्नातच गोम आहे. आपल्या किनाऱ्याजवळ उभं राहण्यापुरतंही जे बेट होतं, त्यावर कोणी ना कोणी किल्ला बांधून ठेवलाय. खांदेरी, उंदेरी, कुलाबा, जंजिरा, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग. त्यामुळे ‘निर्मनुष्य निवांत बेट’ हा प्रकार आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वीच संपला. :)

खांदेरीचीच गोष्ट घ्या. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी तिथे तट उभारायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली, कारण बंदराच्या तोंडावरच ते बेट. त्यांनी गलबतं आणून वेढा घातला. पण मराठ्यांच्या होड्या लहान, कमी पाण्यात चालणाऱ्या, आणि वारा पडला की वल्ह्यांवर सटकणाऱ्या. ऑक्टोबरातल्या लढाईत इंग्रजांचं ‘डव्ह’ नावाचं गुराब, म्हणजे लढाऊ गलबत, मराठ्यांच्या हाती लागलं. पुढच्या वर्षी इंग्रजांनी नाद सोडला. तेव्हा वल्हवरे, तुमचं आयडी चांगलं आहे, वल्ही खरंच बरोबर ठेवा.

ताजी भर: २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही आहेत. चारही तुमच्या वाटेवर.

पाचवा_मजला

शिडाच्या होडीचा माझा अनुभव: राजपुरी ते जंजिरा. तिथल्या होड्यांना अजून शीड असतं. पंधरा मिनिटांचा प्रवास, त्यात दहा मिनिटं गाईड कलालबांगडी तोफेबद्दल सांगत होता आणि पाच मिनिटं बायको ‘लाईफ जॅकेट कुठाय’ विचारत होती.

जुना_खलाशी

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, आता रत्नागिरीत घरी असतो. प्रश्न बेटांचा विचारलात, पण आधी वाऱ्याचं बोलू.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या किनाऱ्यावर दिवसाचे दोन वारे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले असतील, ते हेच. मतलई साधारण सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो. मग तास-दोन तास हवा मेल्यासारखी, पाणी तेलासारखं, शीड लोंबतं आणि माणसं एकमेकांवर चिडतात. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो, तो चार वाजता जोरात असतो आणि सूर्य बुडाला की ओसरतो.

याचा अर्थ असा. दक्षिणेला जाताना मजा आहे. सकाळी मतलई डाव्या बाजूने, किनाऱ्याच्या आडोशाला सपाट पाणी. दुपारी वायव्य वारा पाठीवर. मालवण आपोआप जवळ येतं. पण परत येताना तोच वायव्य वारा तोंडावर. २४ फुटी होडी वाऱ्यात नागमोडी हाकत उत्तरेला आणायची तर कष्ट दुपटीहून जास्त, आणि बायको-मुलगी एसटीने पुढे गेलेली असेल. परतीचा एकच उपाय, जो जुनी गलबतं करायची: पहाटे चारला नांगर उचलायचा, मतलईवर जेवढं जाता येईल तेवढं जायचं, दुपारी कुठल्यातरी खाडीत शिरून झोपायचं. दिवसाला बारा-पंधरा मैल मिळाले तरी खूश राहायचं. पंधरा दिवसांत जाऊन-येऊन मालवण होणार नाही. इंजिनावर ढकलून नेलंत तर होईल, पण मग शीड कशाला?

आता खाड्या. बाणकोट, दाभोळ, जयगड, पूर्णगड, सगळीकडे नदीच्या मुखाशी वाळू साचते. दरवर्षी पावसाळ्यात वाट बदलते, म्हणून मागच्या वर्षीच्या रेघेवर विसंबू नका. आत शिरायचं ते भरती अर्धी चढल्यावर. म्हणजे चुकून टेकलात तरी वाढतं पाणी उचलून देतं. ओहोटीला शिरू नका, उधाणाच्या ओहोटीला तर अजिबात नको.

भरतीची वेळ पंचांगावरून कळते. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊला पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. हा मुंबईचा हिशेब. दक्षिणेला जाल तशी वेळ थोडी आधी येते आणि भरती-ओहोटीतला फरकही कमी होत जातो.

मंजिरी_दापोली

वाचनखूण साठवली. पाऊणपटीचा हिशेब आमचे आजोबा सांगायचे, मला वाटायचं ते उगाच ठोकून देतात.

कोडगा

मोबाईलवर भरतीचं ॲप असताना पंचांग कशाला काढायचं? प्रत्येक धाग्यात ‘आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं’ सुरू होतंच.

जुना_खलाशी

कोडगा, ॲप वापराच. मीही वापरतो. पण ॲपमध्ये आकडा चुकीच्या बंदराचा लावलेला असला तर तो चुकलाय हे कशावरून कळणार? आज अष्टमी आहे आणि ॲप बाराला भरती दाखवतंय, तर काहीतरी गडबड आहे, एवढं डोक्यात वाजायला हवं.

गुहागरकर_पुणे

खाडीत ओहोटीला शिरू नका, यावर माझा अनुभव. आठ वर्षांपूर्वी आम्ही चौघे एका ओळखीच्याच्या शिडाच्या बोटीवर. पौर्णिमा होती, म्हणजे भरती अकरा-साडेअकराला होऊन गेलेली. आम्ही मुखाशी पोचलो दुपारी तीनला. भूक लागली होती, किनाऱ्यावर खानावळ दिसत होती, त्यामुळे हिशेब कोणी केला नाही. टेकलो. आधी हसलो. साडेचारला होडी एका कुशीवर झुकायला लागली तेव्हा हसणं थांबलं. साडेपाचला आम्ही चौघे वाळूत उभे, होडी आडवी, स्टोव्हवरची आमटी केबिनच्या भिंतीवर. गावातली पोरं येऊन फोटो काढून गेली. एक आजोबा आले, होडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, ‘नऊ वाजता उठेल. तोवर घरी चला, भाकरी खा.’ पावणेनऊला उठली. भाकरीबरोबर सुक्या जवळ्याची चटणी होती, ती चव अजून तोंडात आहे.

पाचवा_मजला

म्हणजे खानावळीपेक्षा भारी जेवण मिळालं. मग तक्रार कसली?

अलका_ताई

तुमच्या होडीच्या गप्पांवरून मला आमची कोकणबोट आठवली. साठच्या दशकात मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आम्ही जैतापूरला आजोळी जायचो. बोट बंदरात लागायची नाही, बाहेर थांबायची. मग पडाव, म्हणजे माणसं उतरवणाऱ्या होड्या, यायचे. बोट वर-खाली, पडाव वर-खाली, आणि दोघांचा मेळ बसला त्या क्षणी खलाशी पोराला उचलून पलीकडच्या खलाशाच्या हातात द्यायचा. माझी आई डोळे मिटून घ्यायची. ट्रंका, फणस, कोंबड्या, म्हाताऱ्या, सगळं असंच.

आणि बोट लागायची हो! आमच्या घरात प्रवासाआधी चर्चा हीच, कोणाला बोट लागते आणि कोणाला नाही. आवळासुपारी, लिंबू, आल्याचा तुकडा, सगळं पदराच्या गाठीला. वल्हवरे, मुलीला आधी एक दिवस उघड्या समुद्रात नेऊन बघा. खाडीत न लागणारी बोट बाहेर लागते.

आमच्या घरी रामदास बोटीचं नाव कोणी मोठ्याने घेत नसे. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचा दिवस, रेवसला निघालेली बोट बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. त्यात आमच्या शेजारचे दोघे होते. पावसाळ्यात समुद्राला आव्हान देऊ नये एवढंच आम्हाला त्यावरून शिकवलं.

इतिहासवेडा

अलकाताई, पडावाबद्दल स्वतंत्र लेख लिहा, प्लीज.

समीर_ठाणे

+१. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

घाटावरचा

विरोधी सूर लावतो. चौदा वर्षांची मुलगी, चोवीस फुटी होडी, हौशी कप्तान. काही झालं तर तटरक्षक दलाने जीव धोक्यात घालून शोधायचं. ही हौस पैसेवाल्यांची आणि खर्च सगळ्यांचा. शिवाय २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, दहशतवादी ‘कुबेर’ ट्रॉलर पळवून आले तेव्हापासून, किनाऱ्यावर अनोळखी होडी दिसली की चौकशी होणारच. व्हिडिओतलं ‘कोणी विचारायला येत नाही’ इथे विसरा.

जुना_खलाशी

चौकशी होते आणि व्हायलाच हवी. होडीची कागदपत्रं, सगळ्यांची ओळखपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत वरच्या कप्प्यात ठेवा. निघण्याआधी बंदराच्या ऑफिसात आणि सागरी पोलिसांना मार्ग लिहून द्या, प्रत्येक मुक्कामी फोन करा. व्हीएचएफ रेडिओ घ्या आणि चॅनेल १६ ऐकत राहा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, तो मुलीलाही पाठ असू दे. एवढं केलं तर घाटावरचा यांचा अर्धा आक्षेप जातो.

घाटावरचा

उरलेला अर्धा राहतो. पण ठीक.

निळीशाई

मी या धाग्यातली ‘बायको’. नवरा आंघोळीला गेलाय म्हणून लिहितेय. मला कोणीच काही विचारलं नाही, म्हणून माझा प्रश्न मीच विचारते. पंधरा दिवस तीन माणसं, संडासाचं काय? आणि स्वयंपाक माझ्याकडेच येणार असेल तर मी मांडव्याहूनच परत फिरेन.

पाचवा_मजला

धाग्याचं सार्थक झालं.

शीडवाली

निळीशाई, स्वागत! मी बारा वर्षं शीड हाकतेय, पाच-सहा दिवसांच्या सफरी केल्यात. खरं सांगते. झाकणाची बादली, थोडं समुद्राचं पाणी आधी घालून ठेवायचं, आणि किनाऱ्यापासून लांब असताना रिकामी करायची. खाडीत नाही, लोक तिथे कालवं काढतात. पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरा, चार दिवसांचा साठा कायम असू द्या. मोठ्या पिंपात नको, पाच-पाच लिटरचे कॅन. एक फुटला तर सगळं जात नाही, आणि विहिरीवरून आणायला सोपे.

स्वयंपाक फक्त नांगरावर असताना. चालत्या होडीत गॅसशी खेळू नका. सकाळीच कुळथाची पिठी आणि भात करून डब्यात भरायचा, दुपारी वारा जोरात असताना डबा हातात. सुके बोंबील भरपूर घ्या, पण केबिनमध्ये ठेवू नका, डोलकाठीला बांधा. स्वयंपाकाची पाळी लावा. सुकाणूचीही पाळी लावा. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात सुकाणू दिलं की तिला बोट लागत नाही, हा माझा पक्का अनुभव आहे. लागते ती खाली बसून मोबाईल बघणाऱ्याला.

मालवणी_खेकडो

रे वल्हवऱ्या, पंधरा दिसात मालवण करून परत? वारो काय एस्टी आसा, टायमार येवक? माजो आजो गाबित, मासेमार. तो म्हणा, वारो इलो की निघूचा, नाय इलो तर जाळी शिवीत बसूचा. तुका सुट्टी आसा म्हणान वारो सुटाचो नाय!

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. मालवणचं बंदर खडकांनी भरलेलं आहे. वर दिसतात त्यापेक्षा पाण्याखाली जास्त. पहिल्यांदा येताना माहीतगार माणूस घेतल्याशिवाय आत घुसू नका, सूर्य समोर असताना तर मुळीच नाही. मला फोन करा, मी होडी घेऊन पुढे येतो. सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी आहेत, चारी बाजूंना खारं आणि आत गोडं. किल्ल्यावर अजून काही कुटुंबं राहतात. पण डिसेंबरात निवांत? ख्रिसमसच्या आठवड्यात धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते.

पाकोळी

निवांत बेटांच्या यादीत कोणीतरी वेंगुर्ला रॉक्स लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. निवतीच्या समोर भर समुद्रात ते खडक आहेत, दीपगृह आहे, आणि तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्या (हे छोटे पक्षी) घरटी करतात. लाळेची घरटी, त्यांच्यासाठी पूर्वी चोऱ्या व्हायच्या. सुरय हे समुद्रपक्षीही तिथे अंडी घालतात. कृपया उतरू नका. लांबून दुर्बिणीने बघा, तेवढंही पुष्कळ आहे.

आणि मालवणला नांगर टाकताना खाली प्रवाळ नाही ना हे बघा. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटर. एक नांगर ओढला गेला तर जे मोडतं ते वाढायला कित्येक वर्षं लागतात. वाळूवरच टाका.

इतिहासवेडा

विजयदुर्ग चुकवू नका! वाघोटन खाडीचं मुख, आतमध्ये खोल पाणी, सगळ्या वाऱ्यांपासून आडोसा. जवळच गिर्ये गावी मराठ्यांची गोदी होती, खडकात खोदलेली, तिच्या खुणा अजून दिसतात. आणि किल्ल्यावर साहेबाचे ओटे आहेत. १८६८ च्या सूर्यग्रहणात लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने तिथूनच हेलियम शोधला. जगात कितीजणांना माहीत आहे?

सूर्यकोर

इतिहासवेडा, प्रेमाने एक दुरुस्ती. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणावेळी लॉकियर भारतात नव्हता. ते ग्रहण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून पाहिलं. लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. तो विजयदुर्गाला आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ओटे तेव्हाचे. म्हणजे किल्ल्याला साहेब खरा, ओटे खरे, फक्त हेलियम तीस वर्षं आधी आणि भलतीकडे सापडलेला.

इतिहासवेडा

हे माहीत नव्हतं. गेली वीस वर्षं मी हे प्रत्येक पाहुण्याला सांगतोय. आता सगळ्यांना फोन करत बसावं लागेल.

पाचवा_मजला

पाहुणे विसरले असतील, काळजी नसावी.

राजापूरवाला

इतक्या प्रतिसादांत मूळ प्रश्नाचं उत्तर कोणी दिलंच नाही. निवांत बेट हवंय ना? मग तोंड समुद्राकडे कशाला करता? खाडीत बघा. तुम्ही बेट म्हणता, आमच्याकडे खाडीतल्या बेटाला जुवं म्हणतात. राजापूरच्या खाडीत जुवे जैतापूर हे अख्खं गावच पाण्याने वेढलेलं आहे. होडीशिवाय जायला वाट नाही. अलकाताईंना माहीत असेल. प्रत्येक मोठ्या खाडीत अशी जुवी आहेत, काही माणसांची, काही नुसत्या कांदळवनाची.

बाहेर किल्ल्यापाशी नांगर टाकलात तर रात्रभर लाटांनी झोप नाही, पहाटे मच्छीमार बोटींची इंजिनं, दहाला पर्यटक. खाडीत दोन-तीन मैल आत गेलात की पाणी गप्प. भरतीबरोबर आत जायचं, ओहोटीबरोबर बाहेर. इंजिन लागलं तर मुखाशी तेवढंच.

अलका_ताई

जुवे! अहो, मामाबरोबर होडीतून तिथे गेलेय. ओहोटी लागली की मामा अर्धं गाणं टाकून उठायचा, ‘चला, पाणी चाललं.’

थळकर

राजापूरवाल्यांशी सहमत. आमची माणसंही वादळाचा निरोप आला की खाडीतच पळतात. एक भर: खाडीत नांगर टाकताना आत्ता किती खोली आहे ते बघू नका, ओहोटीला किती उरेल ते बघा. आणि दोर-साखळी मिळून भरतीच्या खोलीच्या निदान पाचपट सोडा. प्रवाह दर सहा तासांनी उलटतो, होडी फिरते, फिरायला जागा ठेवा.

कोडगा

दाभोळच्या खाडीत, वाशिष्ठीत मगरी आहेत. निवांत पोहणाऱ्यांसाठी माहिती.

निळीशाई

कोडगा, धन्यवाद. हे मुलीला सांगितलं. ती आता यायला जास्त उत्सुक आहे.

समीर_ठाणे

आपले दिलीप दोंदे २००९ ला ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि जगाला वळसा घालून २०१० ला परत मुंबईत. तुम्हाला तर मालवणच गाठायचंय. व्हा पुढे!

जुना_खलाशी

समीर, दोंदे नौदलाचे अधिकारी, त्यांची तयारी काही वर्षांची. आणि भर समुद्रात एक सुख असतं, तिथे आपटायला काही नसतं. धोका किनाऱ्याचा असतो.

वल्हवरे

सगळ्यांचे आभार. काल रात्री आम्ही तिघांनी हा धागा मोठ्याने वाचला. मालवण रद्द. जयगडपर्यंत जमेल तेवढं. संडास, स्वयंपाक आणि सुकाणू यांच्या पाळ्यांचा तक्ता फ्रिजवर लागलाय. तक्ता मुलीने केला आहे आणि माझ्या वाट्याला बादली पाच वेळा आली आहे.

पाचवा_मजला

धागा वर काढतोय. जानेवारी उजाडला. कप्तान आहेत की पडावात बसून गेले?

वल्हवरे

आहोत! उशिराबद्दल माफी. सगळं लिहीत नाही, मोजकंच.

खांदेरीला दुपारी उतरलो. दगड वाजवला. मुलीने तो इतक्या वेळा वाजवला की वेताळही वैतागला असेल. दिघीला पहिली रात्र, राजपुरी खाडीत वायव्य वाऱ्यापासून छान आडोसा. दुसऱ्या दिवशी साडेदहाला वारा गेला तो दीडपर्यंत. जुन्या खलाशांनी लिहिलं होतं तसंच, शीड लोंबत होतं आणि आम्ही एकमेकांवर चिडत होतो. कोणी बिस्किटाचा शेवटचा पुडा खाल्ला यावरून तीन मैलांचं भांडण झालं. मग मागून वारा आला आणि कोणालाच भांडणाचा शेवट आठवेना.

हर्णैला होडी लांब उभी केली. तिथे इतक्या मच्छीमार बोटी होत्या की आम्ही लग्नात चुकून घुसलेल्या माणसांसारखे दिसत होतो. सुवर्णदुर्गावर गावातल्या होडीने सकाळी सातला गेलो. आमच्याशिवाय कोणीच नव्हतं. सव्वा तास. धागा काढताना मागितलं होतं ते निर्जन बेट एवढंच मिळालं. साडेआठला ढोलकी घेऊन एक सहल उतरली.

पण सांगण्यासारखी रात्र दाभोळच्या खाडीतली. त्या दिवशी सप्तमी होती, पाऊणपट म्हणजे सव्वापाचला भरती. अडीचला मुखाशी आलो, पाणी चढत होतं, एकदा कणा घासला, पोटात गोळा आला, पण पुढच्या मिनिटाला सुटलो. पाण्याबरोबर तीन मैल आत. एका कांदळवनाच्या जुव्यामागे नांगर टाकला. अंधार पडल्यावर कोल्हे ओरडायला लागले, एका काठावरून दुसऱ्या काठाला उत्तर. मुलीने वल्हं पाण्यात घातलं तर ते हिरवट चमकलं. मग तिने आम्हाला झोपूच दिलं नाही, बारापर्यंत वल्हं मारून पाणी पेटवत होती. मगर दिसली नाही. पहाटे पाचला पलीकडच्या काठावरून पहिल्या एसटीचा गिअर टाकल्याचा आवाज आला, आणि त्याच वेळी मानेला गार वारा लागला. मतलई.

तिथे एक रात्र राहायचं ठरलं होतं, चार राहिलो. पाणी संपलं तेव्हा काठावरच्या घरातून कॅन भरून आणले. त्या घरातल्या काकूंनी मुलीला कालवं फोडायला शिकवलं.

जयगडला पोचलो तेव्हा सुट्टीचे दोनच दिवस उरले होते. होडी तिथे एका माणसाच्या देखरेखीखाली ठेवून आम्ही एसटीने परत आलो.

निळीशाई

नोंद: बिस्किटं त्यानेच खाल्ली होती.

मालवणी_खेकडो

मगे मालवण कधी? मी होडयो घेवन वाट बघीत बसलंय.

अर्धा_मालक

मी या धाग्यातला ‘मित्र’. आज पहिल्यांदाच हे सगळं वाचलं. आत्ताच वल्हवरेचा फोन आला होता की भागीदारी अर्धी-अर्धी असल्याने जाण्याचा अर्धा भाग त्याचा झाला, आता जयगड ते मांडवा हा माझा. तोंडावर वारा असतो हे तो फोनवर बोलला नव्हता. जुने खलाशी, पहाटे चारच्या ऐवजी सहाला उठून चालेल का?

जुना_खलाशी

नाही.